लस टोचूनही दरवर्षी गोठ्यात खुरकूत येतंय? आधी कोण आजारी पडलं त्याची यादी करा

कारखान्याचा बॉयलर पेटला, उसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या की थोड्याच दिवसांत फोन सुरू होतात. पलूस, कडेगाव, विटा, तिकडं कराड-पुसेसावळीपर्यंत गाऱ्हाणं एकच, "लस टोचलीया, कानात बिल्ला हाय, तरी आवंदा बी खुरकूत उठलं." खुरकूत म्हणजे लाळ्या-खुरकूत, तोंडात आणि खुरात फोड आणणारा विषाणूचा रोग. मग कोण म्हणतं लस बोगस, कोण म्हणतं लसीमुळंच आलं, आणि एखादा असतोच जो पुढच्या वर्षी टोचूनच घ्यायचं नाही असं ठरवून मोकळा होतो. पण दरवर्षी तेच होत असेल तर एकदा नीट शोध घ्यायला पाहिजे बघा. लस टोचली हे आपल्याला दिसतं, वहीत तारीख पडते, पण त्या लसीमुळं जनावराच्या अंगात ताकद तयार झाली का नाही हे डोळ्यांना दिसत नाही, आणि गडबड बहुतेक वेळा तिथंच असते.

मी या भागात जनावरांचं बघतो, आणि असा फोन आला की औषधाआधी वही मागतो. आजारी आणि चांगली, दोन्ही जनावरं लिहायची. वय काय, कितवं वेत, कधी व्यायली, लस कधी टोचली, त्याच्या आधीची कधी, घरची का बाजारातली, पहिल्यांदा लाळ कधी गळाली, नुसतं तोंड आलं का खुरात पण फुटलं. चांगली राहिलेली जनावरं लिहायला लोक कंटाळतात, पण खरी गंमत त्यातच असते, कारण एकाच दावणीला शेजारी बांधलेल्या दोन गाईंपैकी एक पडते आणि एक उभी राहते, तेव्हा दोघींत फरक काय हेच आपल्याला हुडकायचं असतं.

आता यादीत काय दिसतं त्यावर पुढचं.

लस टोचल्यापासून आठ-दहा दिवसांच्या आत आजार उठला असेल तर लसीला शिव्या देऊ नका. आपल्याकडं मिळणारी लाळ्या-खुरकूतची लस मेलेल्या विषाणूची असते, तिच्यातनं रोग होऊच शकत नाही. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण २ ते १४ दिवस लागतात, आणि लसीनंतर रक्तात पुरेशी अँटीबॉडी, म्हणजे विषाणूला पकडणारं प्रथिन, व्हायलाही आठवडा-दोन आठवडे जातात, म्हणजे लस टोचली त्या दिवशी विषाणू आधीच आत बसलेला होता किंवा त्याच आठवड्यात आला. पण एक गोष्ट लोक बोलतात ती अगदीच खोटी नाही. गावात रोग सुरू झालाय आणि तोच माणूस त्याच बुटांनी, त्याच सुईनं दहा गोठे फिरला तर रोग त्याच्याबरोबर तुमच्या दारात येऊ शकतो. सुई प्रत्येक जनावराला बदला म्हणून हट्ट धरा, राग आला तरी चालेल. आणि रोग गावात आल्यावर धावत जाऊन लस टोचण्यापेक्षा गाळप सुरू व्हायच्या महिनाभर आधी टोचलेली बरी, हे तर सांगायलाच नको.

यादीत नुसत्या कालवडी, रेडकं आणि पहिलारू गाई दिसत असतील तर कारण बहुतेक बूस्टर, म्हणजे पहिल्या लसीनंतरचा दुसरा डोस, राहिला हेच असतं. माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त गोठे इथं अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच वारेतनं अँटीबॉडी मिळतात, गाईची वार तशी नाही, वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात अँटीबॉडी जवळजवळ नसतातच. सगळं येतं ते चिकातनं, आणि तेही पहिल्या चोवीस तासांतच, त्यानंतर आतड्याची ती दारं बंद होतात आणि मग चीक पाजला तर पोट भरतं पण अँटीबॉडी रक्तात जात नाहीत. त्यात पहिले सहा तास सोन्याचे. वार पडायची वाट बघत वासराला उपाशी ठेवायची जी पद्धत अजून बऱ्याच घरात आहे ती सोडा, वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पहिल्या काही तासांत पोटात गेला पाहिजे, म्हणजे तीस किलोच्या वासराला तीन लिटर.

पण ह्याच चिकाची दुसरी बाजू अशी की आईला लस टोचलेली असेल तर तिच्या अँटीबॉडी वासराच्या रक्तात काही महिने फिरत असतात आणि त्या असताना वासराला लस टोचली तर त्या अँटीबॉडी लसीलाच पकडून गप्प करतात, वासराचं स्वतःचं शरीर काही शिकतच नाही. ह्या उसन्या अँटीबॉडी साधारण दर तीन आठवड्यांनी निम्म्या होतात. म्हणून पहिला डोस चार महिने झाल्यावर, आणि त्याच्यानंतर महिन्याभरानं बूस्टर. हा बूस्टरच राहतो! कारण लसीकरणाची फेरी सहा महिन्यांनी येते, त्या दिवशी वासरू तीन महिन्यांचं असलं तर "लहान हाय" म्हणून सुटतं, पुढच्या फेरीला नऊ महिन्यांचं होऊन पहिला डोस घेतं, महिन्याभरानं टोचायला कोणी येत नाही आणि आपणही बोलवत नाही. कागदावर जनावर लसीकरण झालेलं, अंगात मात्र ती ताकद दोन-तीन महिन्यांत उतरते.

आता एकच डोस का पुरत नाही असं विचारतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बुळकांडी आठवत असेल, त्या रोगानं गावंच्या गावं मोकळी केली होती, तो २०११ साली जगातनंच संपला असं जाहीर झालं. तिथं लस जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची होती, ती जनावराच्या अंगात वाढायची, शरीराला खरी लढाई लढावी लागायची आणि एका टोचण्यात वर्षानुवर्षं, जवळजवळ जन्मभराचं काम व्हायचं. शिवाय त्या विषाणूचा प्रकार एकच. लाळ्या-खुरकूतचे जगात सात प्रकार आहेत, आपल्याकडं सध्या ओ, ए आणि एशिया-१ असे तीन, एकाची ताकद दुसऱ्याला चालत नाही म्हणून लसीत तिन्ही घालावे लागतात, आणि विषाणू मेलेला असल्यामुळं अंगात वाढत नाही, शरीर त्याला बघतं, अँटीबॉडी करतं आणि चार-सहा महिन्यांत विसरायला लागतं.

उलट खरा रोग होऊन गेलेली गाय त्याच प्रकारच्या विषाणूला बराच जास्त काळ दाद देत नाही. ह्याच्यावर इंग्लंडमधल्या पिरब्राइट ह्या जनावरांच्या विषाणूंवर काम करणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी चांगलं काम केलंय. २००८ साली त्यांनी दाखवलं की रोग बरा झाल्यावरही विषाणूचे अंश लसिका ग्रंथींच्या त्या भागात टिकून राहतात जिथं अँटीबॉडी करणाऱ्या पेशी शिकून तयार होतात, म्हणजे शाळेत फळ्यावरचा धडा पुसलाच जात नाही, म्हणून आठवण टिकत असावी असा त्यांचा अंदाज. पुढच्या वर्षी अजून एक निघालं, गाईच्या रक्तातल्या मदतनीस टी पेशी, म्हणजे अँटीबॉडी करायला मदत करणाऱ्या पांढऱ्या पेशी, कमी करून टाकल्या तरी ह्या विषाणूविरुद्धची अँटीबॉडी झपाट्यानं तयार झाली. म्हणजे गाय पटकन शिकते, अडचण ते टिकवण्याची आहे. म्हणून सहा महिन्यांची फेरी चुकवायची नाही, आणि ज्यांना वाटतं "मागच्या साली टोचलीया की", त्यांनी तारीख बघा.

(काही जण अजून आजारी जनावराची लाळ फडक्यानं चांगल्याच्या तोंडाला चोळतात, सगळ्यांना एकदम होऊन जाऊ दे म्हणून. जुनी पद्धत आहे, मला कळतं त्यामागचा विचार, पण लहान वासरांच्या हृदयावर हा विषाणू जातो आणि काहीच लक्षण न दिसता वासरू उभ्या उभ्या पडून मरतं. करू नका.)

पुढचा नमुना म्हणजे आजारी पडल्या त्या सगळ्या नुकत्याच व्यायलेल्या. लस वेळेवर, बूस्टर झालेला, तरी व्यायल्यापासून महिन्याच्या आतल्या गाई आडव्या आणि आटलेल्या गाई शेजारी मजेत. इथं गाईची लढायची ताकदच खाली गेलेली असते. व्यायच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन आठवडे हा काळ गाईच्या प्रतिकारशक्तीचा सगळ्यात पडका काळ, आणि हे आता नुसतं अनुभवाचं राहिलेलं नाही, पेशी तपासून कळलेलं आहे. व्यायच्या वेळी अंगात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, दूध एकदम सुरू होतं, खाणं तेवढं वाढत नाही, मग गाय स्वतःची चरबी जाळते, त्यातनं रक्तात चरबीची आम्लं आणि कीटोन वाढतात आणि त्या रक्तात पांढऱ्या पेशी सुस्त होतात, जंतूपर्यंत पोचायला आणि त्याला मारायला कमी पडतात. एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन, गाईत हे जास्त, कारण दूध जास्त. अशाच वेळी कासदाह होतो, गर्भाशय पिकतं, वार अडकते, आणि खुरकूतही तेव्हाच जोरात लागतं.

त्यात आपल्या भागाची एक खास भर आहे, उसाचं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. गाळपाच्या दिवसात वाडं फुकटात नाहीतर स्वस्तात मिळतं, म्हणून महिनोन् महिने गव्हाणीत दुसरं काही नसतं. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि गाईच्या अंगी लागू देत नाही. कॅल्शियम नुसतं हाडाला आणि दुधाला लागतं असं आपण समजतो, पण पांढऱ्या पेशीला "उठ, जंतू आलाय" हा निरोप पेशीच्या आत पोचतो तो कॅल्शियमवरच, आणि दूध-ज्वराच्या (व्यायल्यावर कॅल्शियम घटून होणारा आजार) आसपास असलेल्या गाईंच्या पेशींत हा साठा कमी सापडलेला आहे. आता ज्या महिन्यात रोग फिरतो त्याच महिन्यात आपण वाडं खायला घालतो, ह्याचा मेळ लावा तुम्हीच. वाडं बंदच करा असं मी म्हणत नाही, परवडत नाही ते कुणाला, पण निम्मं वाडं आणि बाकी कडबा, मका नाहीतर मूरघास, वाड्यावर चुन्याच्या निवळीचं पाणी, आणि चांगलं खनिज मिश्रण रोज. गाभण गाईला शेवटच्या तीन आठवड्यांत मात्र कॅल्शियम मनानं ओतू नका, तिथं हिशोब वेगळा असतो, डॉक्टरांना विचारा.

गाभण गाईंचा अजून एक घोळ. लस टोचायला आले की मालकच म्हणतो हिला नको, गाभण हाय, गाभडंल. मग ती सुटते. व्यायल्यावर परत आले की दूध कमी होईल म्हणून सुटते. अशी एखादी चांगली दुधाची गाय सलग दोन-तीन फेऱ्या सुटलेली असते आणि गोठ्यात पहिली लाळ तिचीच गळते. लसीनंतर दोन-चार दिवस दूध थोडं कमी होतं, ताप येतो, हे खरं आहे, पण ते परत येतं. खुरकूत झालेल्या गाईचं दूध त्या वेताला पूर्ववत होईलच ह्याची खात्री नाही, आणि काही गाई नंतर उन्हाळ्यात धापा टाकत बसतात त्या कायमच्या. अगदी दिवस भरत आलेली गाय असेल तर धरापकड, पळवापळव नको म्हणून थांबा, पण वहीत नाव लिहा आणि व्यायल्यावर सवड बघून तिला टोचून घ्या, पुढच्या फेरीची वाट बघू नका. तिला आधी लस असेल तर चिकातनं वासराचाही फायदा, ते वर सांगितलंच.

आता सगळ्यात वाईट नमुना, यादीत काही नमुनाच नाही. म्हातारी, तरणी, व्यायलेली, आटलेली, सगळी सरसकट पडली आणि तीही लसीनंतर दीड-दोन महिन्यांत. इथं पहिला संशय लसीच्या थंडाव्यावर घ्यायचा. ही लस २ ते ८ अंशात राहायला पाहिजे, बर्फात गोठली तरी गेली आणि उन्हात तापली तरी गेली. का, तर विषाणूचं अख्खं कवच, ज्याला शास्त्रज्ञ १४६ एस कण म्हणतात, तेच शरीरानं बघायला लागतं. तापल्यावर ते कवच फुटून बारीक तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांवर शरीर ज्या अँटीबॉडी करतं त्या खऱ्या अख्ख्या विषाणूला धरायला फारशा उपयोगाच्या नसतात. बाटली तशीच दिसते, रंग तोच, गाठ पण येते टोचल्या जागी, आणि आत काम शून्य. म्हणून गाडीच्या डिकीत, दुपारी बारा वाजता, पातळ झालेल्या बर्फाच्या पिशवीवर बाटली दिसली तर सरळ नको म्हणा. सकाळी लवकर टोचून घ्या. खाजगी दुकानातनं आणत असाल तर फ्रिज उघडून बघा, नुसतं दुकानदाराच्या शब्दावर नको.

थंडावा ठीक होता आणि तरी सरसकट पडली तर विषाणू लसीतल्या जातीपासून लांब गेलेला असू शकतो. हे गोठ्यात बसून कळत नाही. त्यासाठी ताज्या फोडाचा तुकडा पहिल्या एक-दोन दिवसांत घ्यावा लागतो, पोटॅश लावून आठ दिवसांनी बोलावलं तर काही हाताला लागत नाही. सरकारी दवाखान्यात सांगा, नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडं जातो, आणि देशभरातल्या ह्या विषाणूंवर लक्ष ठेवायचं काम भुवनेश्वरच्या राष्ट्रीय लाळ-खुरकूत संस्थेत चालतं, लसीत कुठली जात असावी हे अशाच नमुन्यांवरनं ठरतं. आपण नमुनेच दिले नाहीत तर त्यांना कळणार कुठनं. रक्ताच्या तपासणीत अजून एक सोय आहे, लसीमुळं झालेली अँटीबॉडी आणि खरा रोग होऊन गेल्याची अँटीबॉडी वेगळी ओळखता येते. विषाणू अंगात वाढताना काही जादाची प्रथिनं तयार करतो, लस शुद्ध करताना ती काढून टाकलेली असतात, म्हणजे त्या प्रथिनांविरुद्धची अँटीबॉडी सापडली तर जनावराला रोग येऊन गेलाय. बाजारातनं महागाची गाय आणताना ही तपासणी करून बघायला हरकत नाही.

बाजाराचं निघालंच आहे तर हेही. खरसुंडीची, पुसेगावची जत्रा असो, शर्यतीचं मैदान असो नाहीतर कारखान्याच्या गव्हाणीवर उभ्या बैलगाड्या, तिथं चांगलं दिसणारं जनावर रोग घेऊन येतं ते कसं? टोचलेल्या लसीनं रक्तात अँटीबॉडी होते, पण विषाणू येतो नाका-घशातनं आणि तिथल्या ओल्या अस्तरावर लसीचा पहारा फार कमी असतो. त्यामुळं लस टोचलेल्या जनावराच्या घशात विषाणू वाढू शकतो, रक्तातल्या अँटीबॉडी त्याला खुरापर्यंत पोचू देत नाहीत, जनावर ठणठणीत, वैरण खातंय, आणि तरी काही दिवस विषाणू बाहेर टाकतंय. २८ दिवसांनंतरही घशात विषाणू राहिला तर त्याला वाहक म्हणतात. गाईत असं महिनोन् महिने, क्वचित वर्षांवरही चालतं, अशा जुन्या वाहकापासून दुसऱ्याला किती लागण होते ह्यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, पण नव्यानं शिरलेल्या विषाणूचा धोका तर आहेच आहे. म्हणून आणलेलं जनावर, शर्यतीवरनं आलेला खोंड, ऊसतोडीवरनं परतलेले बैल, तीन आठवडे वेगळे बांधा, पाण्याची बादली वेगळी, आणि त्यांचं करणारा माणूस दुधाच्या गाईंकडं शेवटी नाही, आधी जाईल असं बघा. दारात धुण्याच्या सोड्याचं पाणी ठेवा, लिटरला ४० ग्रॅम, त्यात बूट बुडवून आत यायचं. हा विषाणू आम्लात पण मरतो आणि सोड्यात पण, त्याचं तेवढं बरं आहे.

जंतांचंही बघा. कृष्णा-वारणाकाठच्या ओल्या रानात चरणाऱ्या जनावरांत चपटा जंत, ज्याला लिव्हर फ्लूक म्हणतात, तो असतो, आणि तो यकृत खातो एवढंच नाही, स्वतः जगावा म्हणून जनावराची प्रतिकारशक्तीच दुसऱ्या दिशेला वळवतो. लसीच्या दोन-तीन आठवडे आधी शेण तपासून जंताचं औषध द्या. गोचीड अंगभर असलेल्या, हाडं दिसणाऱ्या जनावराला लस टोचून फार आशा ठेवू नका, अँटीबॉडी पण प्रथिनच असतं, ते खाण्यातनंच यायचं.

आणि ते इम्युनिटी बूस्टरचे डबे. डेअरीवर, दुकानात हजार-दीड हजाराला मिळतात, डब्यावर ढालीचं चित्र. माझं स्पष्ट मत, त्याच पैशाचं खनिज मिश्रण आणि सरकी पेंड आणा. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमचा व्यायच्या आसपास पांढऱ्या पेशींना उपयोग होतो हे सिद्ध आहे, ते चांगल्या खनिज मिश्रणात येतंच किंवा डॉक्टर इंजेक्शन देतात. तसं गाईच्या अंगात मुळात कमी काही नाही हो. वासराच्या रक्तात गॅमा-डेल्टा नावाच्या टी पेशी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. आणि गाईच्या काही अँटीबॉडींना असा लांबलचक हात असतो की विषाणूच्या सापटीत घुसून पकडतो, २०१७ साली गाईंना एचआयव्हीचं एक प्रथिन टोचून बघितलं तर ज्या प्रकारच्या अँटीबॉडीसाठी माणसाच्या शरीराला वर्षं लागतात ती गाईंनी काही आठवड्यांत करून दाखवली. असलं यंत्र आपल्या दावणीला बांधलेलं आहे आणि आपण त्याला नुसतं वाडं घालतो.

ज्यांच्याकडं आत्ता रोग चालू आहे त्यांनी वासरं आधी आजारी आयांपासून बाजूला काढा, आजारी गाईचं दूध उकळल्याशिवाय वासराला पाजू नका, तोंड पोटॅशच्या फिकट गुलाबी पाण्यानं धुवा, खुरात अळ्या पडू देऊ नका. १९६२ ह्या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावून फोडाचा नमुना घ्यायला सांगा, आजच. वही मात्र आजच सुरू करा, बरी झाल्यावर कोण कधी पडली ते कुणाला आठवत नाही, आणि चार महिन्यांवरची वासरं कुठली, त्यांचा बूस्टर कुठल्या तारखेला येतो ते त्याच पानावर खाली लिहून ठेवा.